ओळखीच्या बाईचा प्रश्न

मार्तंड घाडीगावकर संशयी आहे असं त्याच्या तोंडावर कोणी म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, आणि हा माणूस आपल्याला आजच असं का म्हणाला याचा विचार करत तो आठवडाभर बसला असता. स्वतःच्या मते तो फक्त सावध होता. दूधवाल्याचं माप, रिक्षाचा मीटर, वाण्याचा तराजू आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं हसणं यांवर त्याचा विश्वास नव्हता, पण याला काही संशय म्हणत नाहीत. शिवाय त्याची नोकरीच तशी होती. भांडुपच्या एका पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तो टाइमकीपर होता. "सायकल पंक्चर झाली" आणि "बायको आजारी आहे" ही दोनच कारणं रोज सकाळी गेटवर उभं राहून वर्षानुवर्षं ऐकणाऱ्याने माणसांवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

अशा माणसाने खरं तर समाजसेवेच्या वाटेला जाऊ नये. पण सत्याऐंशी साली मुलुंडमध्ये, त्याच्या सोसायटीला लागूनच असलेल्या वाचनालयात, मोफत कायदा सल्ला केंद्र निघालं. दारात उभं राहायला माणूस हवा होता, आणि दारात उभं राहण्याचा एवढा अनुभव त्या भागात दुसऱ्या कोणाला नव्हता. दर रविवारी टीव्हीवरची पौराणिक मालिका संपली की (त्याआधी वकीलही यायचे नाहीत आणि अशीलही) वाचनालयात दोन टेबलं मांडली जायची. डावीकडे अॅडव्होकेट अनुपमा सामंत बसायच्या. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि सासूचा जाच त्यांच्याकडे. उजवीकडे अॅडव्होकेट भिकाजी पेडणेकर. बडतर्फी, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम आणि साहेबाचा जाच त्यांच्याकडे. आणि दारात, खिशावर 'कार्यकर्ता' असा बिल्ला टाचलेला मार्तंड. "घरचं की नोकरीचं?" एवढं विचारायचं आणि माणूस डावीकडे किंवा उजवीकडे सोडायचा, हे त्याचं काम.

दोन महिन्यांत मार्तंडच्या लक्षात एक गोष्ट आली. या केंद्रात स्वतःचा प्रश्न घेऊन कोणी येतच नव्हतं. ज्याचा त्याचा प्रश्न ओळखीच्या कोणाचा तरी असायचा. डोक्याला बँडेज बांधलेला माणूस येऊन म्हणायचा, "आमच्या ओळखीत एक जण आहे, त्याला त्याच्या मेहुण्याने मारलं." आठव्या महिन्यातली बाई खुर्चीत सावकाश बसत म्हणायची, "माझ्या मैत्रिणीला ऑफिसात बाळंतपणाची रजा नाकारली." पेडणेकर वकील एवढे मुरलेले, की ते त्या ओळखीच्या माणसाची चौकशी करत करत समोरच्याचा पत्ता लिहून घ्यायचे. मध्यमवर्गीय माणसाला अडचण सांगायला लाज वाटत नाही, ती आपली आहे हे सांगायला वाटते. मार्तंडने यातून एक नियम काढला: ओळखीचा माणूस म्हणजे तोच माणूस. हा नियम त्याने कारखान्यात सांगितला, जिन्यात सांगितला, घरी जेवतानाही सांगितला.

घरी सांगितला तेव्हा त्याची बायको सुलक्षणा ताटात आमटी वाढत होती. आणि बरोबर चार दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी, कोथिंबीर निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, एक विचारू? माझ्या ओळखीची एक बाई आहे."

मार्तंडच्या हातातला पेपर खाली आला.

"तिचा नवरा फार संशयी आहे. दूध आणायला पाच मिनिटं जास्त लागली तरी विचारतो, कोण भेटलं होतं? तर अशा बाईला वेगळं राहता येतं का कायद्याने?"

"कोण बाई?"

"आहे एक. नाव नका विचारू. मी शब्द दिलाय."

"तिला नवऱ्याने मारलंबिरलं आहे?"

"नाही हो. नुसता संशय घेतो."

"मग तो सावध असेल," मार्तंड म्हणाला. पण त्या रात्री आमटीला चव नव्हती, किंवा असेल तर त्याला कळली नाही. लग्नाला वीस वर्षं होत आली होती. सुलक्षणा भांडायची, रुसायची, सटकली की मालवणीत शिव्या घालायची, पण वेगळं राहायचं? तिच्याशिवाय घर कसं दिसेल हे त्याने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. पहिल्यांदा चहाची साखर कुठल्या डब्यात असते हेच आठवेना, आणि मग त्याला खरोखरची भीती वाटली.

घाबरलेल्या माणसाने शहाण्या माणसाचा सल्ला घ्यावा. मार्तंडने तळमजल्यावरच्या अंबादास मयेकरांचा घेतला. मयेकर जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. उभा जन्म ट्रकची ताडपत्री उचलून बघण्यात गेलेला, त्यामुळे ताडपत्री नसली तरी ते उचलून बघायचे. मार्तंडने अर्थातच 'माझ्या कारखान्यातला एक जण' अशी सुरुवात केली.

मयेकरांनी चष्मा काढला. "घाडीगावकर, त्या माणसाला सांगा, वरवर शांत दिसणारी गाडीच आधी थांबवायची असते. बायको कुठे जाते, केव्हा जाते, पिशवी जाताना केवढी आणि येताना केवढी, हे बघायला सांगा. मी आमच्या घरात हेच करतो. आमच्या हिची काय हिंमत आहे इकडचं तिकडं करायची!"

एवढ्यात त्यांच्या बायकोने, जानकीबाईंनी, चहा आणून ठेवला. मयेकरांनी कपाकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "एवढा वेळ?" जानकीबाई आत गेल्या. "बघितलंत?" मयेकर म्हणाले. "अशी शिस्त पाहिजे."

मार्तंडला हे पटलं. गुरुवारी त्याने आयुष्यात पहिल्यांदा अर्धा दिवस रजा टाकली. इथे कारखान्यातली माणसं कशी असतात तेही सांगायला हवं. टाइमकीपर दुपारीच घरी निघाला म्हटल्यावर युनियनच्या लोकांना वाटलं की हा हेड ऑफिसला चुगल्या करायला चाललाय, आणि लेबर ऑफिसरला वाटलं की हा युनियनच्या मीटिंगला चाललाय. दोघांनीही आपापला माणूस गेटवर उभा करून तो कुठल्या दिशेला वळतो ते पाहिलं. संशयाच्या बाबतीत तो कारखाना स्वयंपूर्ण होता.

मुलुंडला पोचून मार्तंड सोसायटीसमोरच्या पानाच्या टपरीआड उभा राहिला. चारच्या सुमारास सुलक्षणा पिशवी घेऊन बाहेर पडली. पिशवी रिकामी होती, हे त्याने नोंदवलं. ती बाजाराच्या रस्त्याला लागली आणि तोही मागे निघाला, मध्ये नेहमी एक हातगाडी राहील अशा बेताने. बाजाराच्या कोपऱ्यावर ती अचानक थांबली आणि तिने मागे बघितलं. मार्तंड मिळेल तिथे घुसला. तो मासळी बाजार होता.

तिथे एका ओट्याआड वाकून तो बाहेर बघत राहिला. ओटा सोनूबाईचा होता. ठाण्याच्या खाडीकडून येणारी ही कोळीण त्या बाजारात तिच्या आवाजासाठी प्रसिद्ध होती.

"काय रे दादा, मगाधरनं वाकलायस तो मासं घेतोस का माश्या मोजतोस?"

"हळू बोला हो, मावशी."

"हळू कशाला? चोरी केलीस काय?" सगळा बाजार वळून बघायला लागला. "आगो बघा गो, यो बाबा बायकांच्या मागं लपून कुनाला बघताय!"

अब्रू वाचवायचा एकच मार्ग होता. मार्तंडने समोर होता तो मासा विकत घेतला. तो भलाथोरला रावस होता, आणि सोनूबाईने तो कापून देण्यात एवढा वेळ घेतला की सुलक्षणा कुठे गेली हे बघायचं राहूनच गेलं. आता मासा हातात आल्यावर करायचं काय? मार्तंड तो घेऊन घरी गेला. काहीतरी केल्याचं तेवढंच समाधान.

दार सुलक्षणाने उघडलं. तिने पिशवीकडे बघितलं, वास घेतला आणि एकदम मालवणीवर आली. "ह्यां काय? आज गुरुवार!"

घाडीगावकरांच्या घरात गुरुवारी मासे येत नव्हते. मार्तंडचे वडील गिरणीत होते, संपात उपाशी राहिले, पण गुरुवार त्यांनी मोडला नव्हता. हे मार्तंडलाही पाठ होतं, फक्त पाळत ठेवण्याच्या गडबडीत वार डोक्यातून गेला होता.

"मासळी बरी होती," मार्तंड म्हणाला.

"तुम्ही या वेळी घरी कसे?"

"सुटलो लवकर."

"वीस वर्षांत कधी सुटला नाहीत तो?" सुलक्षणाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं तो रोज गेटवर कामगारांकडे बघायचा. "हा मासा कोणासाठी घेतला होतात?"

रावस फुकट जाऊ नये म्हणून मार्तंडने तो समोरच्या ब्लॉकमध्ये नेऊन दिला. त्यांनी ठेवून घेतला आणि तासाभरात अख्ख्या सोसायटीला कळलं की घाडीगावकर गुरुवारी भरदुपारी मासे घेऊन फिरत होता. घरी तर गुरुवारी मासे चालत नाहीत. म्हणजे जिथे ते चालतात असं दुसरं एखादं घर असणार. ते नाहूरला आहे असं कोणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी तिथली बाई विधवा आहे हेही ठरलं. वाटेल तो येऊन मार्तंडकडे बघून मान हलवून जाऊ लागला. सेक्रेटरी तर उघडच हसला, तेव्हा त्या हसण्याबद्दल आपला जुना अंदाज बरोबर होता एवढंच समाधान मार्तंडला मिळालं.

शुक्रवारी कारखान्यात मेमो हातात पडला. अर्धा दिवस रजा टाकून गेट सोडून जाण्याचं कारण लेखी कळवावं. वर्षानुवर्षं इतरांच्या नावापुढे लाल शाईने 'उशिरा' लिहिणाऱ्या माणसाला मेमो! मार्तंडने कारण लिहिलं, 'बायको आजारी'. लेबर ऑफिसर ते वाचून नुसते "हं" म्हणाले.

अशा मनःस्थितीत तो शनिवारी पेडणेकर वकिलांच्या घरी गेला. मेमोचं निमित्त होतंच. पेडणेकरांनी चहा पाजून समजावलं की घाबरायचं कारण नाही, चौकशी केल्याशिवाय कोणालाही काढता येत नाही. आरोप काय तो आधी सांगावा लागतो, बाजू मांडायची संधी द्यावी लागते, चौकशी करणारा माणूस तटस्थ लागतो. "रीतसर चौकशी झाली की कामगाराला तक्रारीला जागा राहत नाही," ते म्हणाले. वकील बिचारे मेमोबद्दल बोलत होते. मार्तंडच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रकाश पडला.

त्याच संध्याकाळी घाडीगावकरांच्या बाहेरच्या खोलीत रीतसर चौकशी बसली. तटस्थ माणूस म्हणून अंबादास मयेकर आले होते आणि त्यांनी आपलं घड्याळ काढून टीपॉयवर ठेवलं होतं. सुलक्षणाला खुर्ची दिली होती. ती बसली नाही.

"आरोप असा," मार्तंड घसा साफ करून म्हणाला, "की सोमवारी संध्याकाळी तू वेगळं राहण्याबाबत चौकशी केलीस आणि ती दुसऱ्या बाईच्या नावावर खपवलीस. तुला बाजू मांडायची पूर्ण संधी आहे."

सुलक्षणा रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला ऐकलेल्यावर विश्वास बसत नव्हता.

"तुम्ही यांना बोलावलंत? आपल्या घरात? मला प्रश्न विचारायला?"

"वहिनी, गैरसमज नको," मयेकर म्हणाले. "नुसतं नाव सांगा त्या बाईचं. आहे कोण ती? असली तर सांगायला काय हरकत आहे? मी तर म्हणतो, नवऱ्याविरुद्ध असे प्रश्न घेऊन फिरणारी बाई या बिल्डिंगमध्ये असेल तर सगळ्यांना कळलीच पाहिजे."

"मी नाव सांगणार नाही."

"म्हणजे नाहीच आहे!" मयेकर मार्तंडकडे वळून म्हणाले. "लिहा, समाधानकारक उत्तर नाही."

दार उघडंच होतं. दारात जानकीबाई उभ्या होत्या. नवऱ्याला जेवायला बोलवायला त्या वर आल्या होत्या, आणि केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. त्यांचा आवाज सोसायटीत फारसा कोणी ऐकलेला नव्हता, म्हणून तो कोणाचा आहे हे कळायलाच क्षणभर वेळ लागला.

"ती बाई मी आहे," जानकीबाई म्हणाल्या. "दुधाला पाच मिनिटं जास्त लागतात ती मी. सुलक्षणावैनींना मीच विचारायला सांगितलं होतं. आणि आता जेवायला चला, भात गार होतोय."

मयेकरांनी घड्याळ उचललं, पण हातावर बांधायचं त्यांना सुचलं नाही. ते बायकोच्या मागे जिना उतरून गेले. मार्तंडच्या छातीवरचं मात्र मणभर ओझं उतरलं. तो इतका खूश झाला की त्याला नाचावंसं वाटलं.

"म्हणजे तू नाहीस!" तो म्हणाला. "सुटलीस! आरोप सिद्ध झाला नाही. चल, आज बाहेर जेवू. झकास मिसळ खाऊ."

सुलक्षणा आत गेली आणि तिने दोन ताटं वाढली. रागातली सुलक्षणा कशी असते हे मार्तंडला माहीत होतं. तेव्हा भांडी वाजायची. त्या रात्री भांडी वाजली नाहीत आणि तो सुखाने झोपला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मालिका संपली, टेबलं मांडली गेली, मार्तंड बिल्ला लावून दारात उभा राहिला. गर्दी बरीच होती. एकेक जण डावीकडे उजवीकडे सोडत तो रांगेच्या मध्यावर आला, आणि समोर सुलक्षणा. हातात कपड्यांची बॅग होती.

"घरचं की..." त्याच्या तोंडून सवयीने गेलं.

"तेच मला कळत नाही," सुलक्षणा म्हणाली आणि त्याच्या बाजूने आत जाऊन दोन्ही टेबलांच्या बरोबर मध्ये उभी राहिली. वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली ठेवले.

"वकीलबाई, आणि वकीलसाहेब तुम्हीही ऐका. माझ्या नवऱ्याने माझी चौकशी केली. आरोप ठेवला, परका माणूस घरात आणून बसवला. आरोप खोटा निघाला. आता माझा हक्क काय?"

अनुपमाबाईंनी पेन खाली ठेवलं. "चौकशी म्हणजे?"

"रीतसर," सुलक्षणा म्हणाली. "बाजू मांडायची संधीसुद्धा दिली होती."

पेडणेकरांनी हळूच मार्तंडकडे पाहिलं. आपल्या चहाबरोबर काय गेलं होतं ते त्यांना समजलं असावं.

"ताई," अनुपमाबाई म्हणाल्या, "नवऱ्याच्या संशयाने जगणं नकोसं झालं तर कायदा त्याला छळ म्हणू शकतो. वेगळं राहता येतं, पोटगीही मागता येते. पण पुरावा लागतो."

"आणि नोकरीच्या कायद्याने?"

पेडणेकर खाकरले. "कामगार निर्दोष ठरला तर त्याला मानाने परत कामावर घ्यावं लागतं. मधल्या काळाची भरपाई द्यावी लागते."

"आणि कामगाराला परत यायचं नसलं तर?"

"तर," पेडणेकर म्हणाले, "त्याला कोणी जबरदस्तीने आणू शकत नाही, ताई."

"मग माझं नोकरीचंच काम दिसतंय," सुलक्षणा म्हणाली. "मी भावाकडे चाललेय, घाटकोपरला. यायचं की नाही ते विचार करून कळवीन." तिने दोघांना नमस्कार केला आणि रांगेतून वाट काढत ती बाहेर पडली. जाताना मार्तंडकडे तिने बघितलं नाही.

रांगेत कोणी हसलं नाही. हेच मार्तंडला जास्त लागलं. पुढचा माणूस आपण होऊन "नोकरीचं" म्हणाला, पण त्याला आत सोडायचं मार्तंडच्या हातून झालं नाही. मग त्याने बिल्ला काढून त्या माणसाच्या हातात दिला आणि तो रस्त्यावर आला. चालता चालता तो धावायला लागला. सोसायटीच्या गच्चीवरून दोन-तीन डोकी वाकली असतील. ती कोणाची हे बघायला त्याने मानसुद्धा वर केली नाही.

स्टॉपवर सुलक्षणा उभी होती. आजूबाजूला आठ-दहा माणसं होती, त्यात सोसायटीचा सेक्रेटरीही होता.

"सुलक्षणा," मार्तंड धापा टाकत म्हणाला. "माझं चुकलं. मी खुळो झालंय. तू जाशील म्हणून घाबरलो होतो गं, आणि घाबरलो म्हणून..."

"विचारायचं होतंत मला. सरळ."

"हो."

"बाहेरच्या माणसाला बसवलंत."

"हो. चुकलं."

सेक्रेटरी ऐकत होता. खुशाल ऐकू दे, असं मार्तंडला वाटलं आणि स्वतःचंच नवल वाटलं.

बस आली. सुलक्षणा चढली, आणि मागोमाग मार्तंडही. ती खिडकीशी बसली, बॅग मांडीवर घेतली. शेजारची जागा रिकामी होती. कंडक्टर आला, दोघांकडे बघून दोन तिकिटं फाडायला लागला.

"एकच," सुलक्षणा म्हणाली. "घाटकोपर."

मार्तंडने आपलं तिकीट आपण काढलं. बस भांडुपला आली, त्याच्या कारखान्याचं गेट मागे गेलं, ते बंद होतं. मग कांजूरमार्ग आलं. रिकाम्या जागेशेजारी दांडा धरून तो उभाच होता, कारण 'बसा' असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "बसू?"

सुलक्षणा खिडकीबाहेर बघत होती. "विचार करतेय," ती म्हणाली.

विक्रोळीपर्यंत ती विचारच करत होती. मग गर्दी चढली, आणि एक जाडजूड गृहस्थ त्या रिकाम्या जागेकडे सरकले. सुलक्षणाने मांडीवरची बॅग उचलली आणि शेजारच्या जागेवर ठेवली.

"इथे माणूस आहे," ती त्यांना म्हणाली.